दर वर्षी लेवीयमध्ये गाडी रुतते, रोज बायबल वाचायची सवय तुम्ही कशी लावलीत?

वेर्ण्याचा_नगरकर:
सलाम मंडळी. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, नऊ वर्षं झाली गोव्यात, नोकरी वेर्ण्याला आणि राहायला वास्को. घरी बायको आणि सहावीतली मुलगी. प्रश्न असा आहे की दर वर्षी १ जानेवारीला मी वर्षात बायबल संपवायचं म्हणून बसतो आणि दर वर्षी तिथंच अडकतो. कागदावर सोपं वाटतं हो, आपल्या ६६ पुस्तकांत मिळून ११८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच धरले की वर्षाच्या आत उरकतं. उत्पत्ति मस्त जातं, योसेफाची गोष्ट तर एका बैठकीत वाचून काढतो, निर्गमचा अर्धा भाग पण पळतो, मग निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, पडद्यांची मापं सुरू झाली की धाप लागते आणि जानेवारी संपता संपता येतो लेवीय, म्हणजे बायबलचं तिसरं पुस्तक, नियमांनी भरलेलं, त्याचा १३ वा अध्याय. याजकाने अंगावरचा डाग बघायचा, सात दिवस माणसाला वेगळं ठेवायचं, परत बघायचं, परत सात दिवस. हे मी सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला जेवणाच्या टेबलावर वाचत होतो आणि तसाच पुस्तकावर डोकं ठेवून झोपलो, सकाळी गालावर पानाची रेघ उमटलेली, मुलगी अजून हसते त्याच्यावर.

अॅपपण करून बघितलं. त्यात स्ट्रीक असते, म्हणजे सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा, ३० दिवस झाले की शाबासकी वगैरे, पण एकदा शिफ्ट बदलली आणि पाच दिवस राहिले म्हणजे पंधरा अध्यायांची उधारी अंगावर, ती फेडायला रविवारी बसलो तर नुसते डोळे फिरवत होतो, काय वाचलं विचाराल तर शून्य. मग अॅप उघडायचीच लाज वाटायला लागली. आईचं जुनं पवित्र शास्त्र आहे घरी, कडेला पेन्सिलीने खुणा केलेलं, ती चुलीवर भाकरी टाकून व्हायची आणि तिथंच पाटावर बसून वाचायची, चौथी शिकलेली बाई पण एक दिवस चुकल्याचं मला आठवत नाही. आणि मी डिप्लोमा झालेला माणूस. तुमच्यापैकी ज्यांना खरंच जमलंय त्यांनी सांगा, कुठल्या वेळेला, किती, आणि चुकलं तर काय करता. पाळकांना विचारलं तर ते म्हणतात प्रार्थना करा, ते तर करतोच.

वसईची_सून:
भाऊ, आधी ती उधारी सोडून द्या. राहिलेलं राहिलं, ज्या दिवशी बसाल त्या दिवशीचं वाचा. माझं निम्मं काम या एका गोष्टीने झालं.

मी वसईची, लग्न होऊन इथं गोव्यात साश्टीत आले, रायतूरपासून जवळच. आम्ही कॅथलिक, म्हणजे आमची पुस्तकं ७३, तुमच्यापेक्षा सात जास्त, त्यामुळे सगळं वर्षात संपवायच्या भानगडीत मी पडलेच नाही. आमच्याकडे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, रोजची वाचनं ठरलेली असतात, रविवारचं चक्र तीन वर्षांचं आणि इतर दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांचं, तेव्हा काय वाचू हा प्रश्नच उरत नाही. मी त्यातलं फक्त शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला भाग, घेते, दहा-पंधरा ओळी असतात. रविवारी चर्चमध्ये तेच ऐकायचं असेल तर शनिवारी घरी एकदा वाचून जाते, मग फादरांचं प्रवचन वेगळंच लागतं कानाला.

आता वेळेचं. पहिली दोन वर्षं मी पण अलार्म लावला, तो बंद करून झोपायचे. मग लक्षात आलं की आमच्या वाड्यावर एक अलार्म रोज न चुकता वाजतो, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. सव्वासहाला पोंक पोंक करत सायकल येते, मी पिशवी घेऊन गेटवर जाते, उंडे आणि दोन पोई, हे इथले पाव, घेते आणि आत आल्यावर चहाचं आधण ठेवते. ते उकळेपर्यंत उभ्यानेच वाचते, गॅसच्या बाजूच्या फळीवर पुस्तक असतं, तेलाचे डाग पडलेत त्याच्यावर. बसून वाचायचं ठरवलं तेव्हा कधीच झालं नाही. पोदेर रोज येतो म्हणून वाचन रोज होतं. तुमच्या आईंची भाकरी म्हणजे हेच की हो.

आणि सासूबाई संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, कोंकणीत, तेव्हा टीव्ही बंद, फोन बंद, कोणी आलं तरी उंबऱ्यावर थांबतं. त्यांना रोज करा असं कोणी शिकवलं नाही, घराचं वळणच ते. नवीन सवय लावण्यापेक्षा घरात आधीपासून जे वळण आहे त्याच्या शेपटीला बांधायची, असं मला वाटतं.

फोंड्याचे_मास्तर (निवृत्त):
सूनबाईंशी सहमत, फक्त दहा ओळींवर थांबू नये एवढं म्हणेन.

नगरकर, तुमची पहिली चूक म्हणजे पहिल्या पानापासून सुरुवात. बायबल ही कादंबरी नाही, ग्रंथालय आहे, आणि ग्रंथालयात कोणी पहिल्या कपाटातल्या पहिल्या पुस्तकापासून वाचत नाही. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, चार शुभवर्तमानांत सगळ्यात आटोपशीर, सारखं काहीतरी घडत असतं. मोठ्याने वाचलं तर दीडएक तासात पूर्ण होतं, म्हणजे रोज दहा मिनिटांनी दहा-बारा दिवस. दुसरं, अध्याय हे मोजमाप डोक्यातून काढा. मूळ लिखाणात अध्याय नव्हतेच, ते तेराव्या शतकात पडले आणि वचनांचे आकडे तर सोळाव्या शतकात, १५५१ च्या ग्रीक नव्या करारात आजच्यासारखे छापले गेले. शोधायच्या सोयीसाठी केलेल्या खुणा त्या, आपण त्याचा कोटा करून टाकला. गोष्ट जिथं थांबते तिथं थांबावं. कधी सहा वचनं, कधी दीड अध्याय.

तिसरं आणि माझ्या मते महत्त्वाचं, मोठ्याने वाचा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आठव्या अध्यायात एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचतोय, आणि ख्रिस्ती प्रचारक फिलिप्प धावत जवळ जातो तर त्याला वाचलेलं ऐकू येतं. म्हणजे गडी एकटा असून मोठ्याने वाचत होता. आणि समजतंय का विचारल्यावर सरळ म्हणतो की कोणी सांगितल्याशिवाय कसं समजेल. एवढा राणीचा खजिनदार, त्याला लाज वाटली नाही, आपल्याला लेवीय कळलं नाही तर आपण तोंड लपवतो.

भाषेचा त्रास होत असेल तर तेही उघड बोला. आमच्या पिढीला ती जुनी मराठी कानावरून गेलेली, तुमच्या मुलीला जड जाणार. सोपं भाषांतर वापरण्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं, १९२२ साली गेल्या त्याच्या अगदी थोडं आधीपर्यंत काम चालू होतं. त्यांना ती गरज शंभर वर्षांपूर्वी दिसली.

(सूनबाई, रायतूरजवळ राहता म्हणून सांगतो, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये तिथंच छापलं, मराठी ओव्यांत पण रोमन लिपीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या. तो माणूस जन्माने इंग्रज, आणि ओवी निवडली कारण इथले लोक पुराण ऐकत होते. वाचत नव्हते, ऐकत होते.)

वसईची_सून:
मास्तर, आमच्याकडे जुनी माणसं ते गायची असं आजी सांगायची. मी नुसतं ऐकून आहे, चाल कोणालाच येत नाही आता घरात.

नाईट_ड्युटी_नर्स:
वाचायला डोळेच उघडे नसतील तर काय करायचं ते पण बोला कोणीतरी 😅 माझी महिन्यात बारा-तेरा रात्रपाळ्या असतात. सकाळी पणजीहून मडगावची बस पकडते, खिडकीची सीट मिळाली की इअरफोन लावते आणि ऑडिओ बायबल चालू. अर्ध्या वेळा झुआरीचा पूल यायच्या आधी झोपलेली असते, हे पण खरं सांगते. मग मी एक केलं, एक स्तोत्र एक आठवडाभर ऐकते, तेच तेच. सोमवारी झोपेत गेलेला भाग गुरुवारी कानात पडतो. १५० स्तोत्रं आहेत म्हणजे या वेगाने मला तीन वर्षं पुरतील, आणि ११९ वं आलं तर देवच वाचवो, १७६ वचनं आहेत त्यात.

नगरकर, शिफ्टवाल्यांनी घड्याळाची वेळ ठरवूच नये हो. मी ठरवलंय "घरी आल्यावर बूट काढायच्या आधी" किंवा "बसमध्ये बसल्यावर". वेळ बदलते, बूट तर रोज काढतोच ना.

उगाच_विचारतो:
विरोध म्हणून नाही पण रोज म्हणजे रोजच का? छापखाना यायच्या आधी शेकडो वर्षं बहुतेक ख्रिस्ती माणसांच्या घरी बायबल नव्हतंच, हाताने लिहिलेली प्रत घ्यायची ऐपत कोणाची होती. ते काय कमी भक्त होते? आठवड्यातून एकदा ऐकायचे आणि तेच घोळवत राहायचे. मला या स्ट्रीकच्या नादात देवापेक्षा आकडाच मोठा झालेला दिसतो.

फोंड्याचे_मास्तर (निवृत्त):
मुद्दा बरोबर, निम्मा. घरी पुस्तक नव्हतं म्हणून ते पाठ करायचे, आपल्या घरी तीन प्रती आणि फोनमध्ये दहा भाषांतरं असून पाठ काय आहे? स्तोत्र २३, आणि तेही तिसऱ्या ओळीनंतर अडखळतं. आकड्याला माझाही विरोध आहे, रोजला नाही. बिरुयातले लोक दररोज शास्त्र तपासत, असं कृत्यांतच लिहिलंय आणि कौतुकाने लिहिलंय.

उगाच_विचारतो:
ते प्रचार करायला आलेला पौल खरं सांगतोय का हे तपासायला वाचत होते, सवय लावायला नाही 🙂

फोंड्याचे_मास्तर (निवृत्त):
मग तुम्हीही मी खरं सांगतोय का ते तपासायला रोज वाचा. मला चालेल.

वेर्ण्याचा_नगरकर:
तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो. अॅपमधली नोटिफिकेशन्स बंद केली. आमच्या बिल्डिंगखाली पण पोदेर येतो पण त्या वेळेला मी निम्म्या आठवड्यात झोपलेला असतो, म्हणून पाव घ्यायला मुलगी जाते आणि आल्यावर तीच वाचते, मोठ्याने, मी अंथरुणातूनच ऐकतो. सेकंड शिफ्ट नसेल तेव्हा रात्री मी वाचतो आणि ती ऐकते. मार्क सुरू केलं. पाचव्या अध्यायात ती दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात जातात तिथं ती थांबली आणि म्हणाली पप्पा, डुकरं ज्यांची होती त्यांचं काय, त्यांना पैसे कोणी दिले? मी एवढ्या वर्षांत हा विचारच केला नव्हता. बायको आतून म्हणाली म्हणूनच तर तिथल्या लोकांनी येशूला आमच्या गावातून जा म्हणून विनंती केली, वाच पुढं. त्या दिवशी अख्खा अर्धा तास गेला आणि वाचून झाली वीसच वचनं, मुलीची व्हॅन चुकायची वेळ आली.

मध्ये तीन दिवस पडले. पोदेर फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, गावी गेला होता, मग पाव नाही आणि वाचनही नाही, सूनबाई, ही तुमच्या पद्धतीची गोम 😀. चौथ्या दिवशी भोंपू वाजला तशी पोरगी स्वतःच उठली. उधारी कोणी काढली नाही.

आता आम्ही चौदाव्या अध्यायात आहोत, या आठवड्यात मार्क संपेल. मास्तर, पुढं काय घेऊ? बायको रूथ म्हणतेय, चारच अध्याय आहेत म्हणून, आणि मुलीला योना पाहिजे, मासा आहे म्हणून.

फोंड्याचे_मास्तर (निवृत्त):
योना. पण तिला आधीच सांगून ठेवा की मासा पहिल्या दोन अध्यायांतच संपतो, शेवटच्या अध्यायात फक्त एक किडा आहे.