क्लच गेला, फ्लायव्हीलचं काय करू? जुन्या डिझेलवाल्यांनो, अनुभव लिहा

गाडी २०१२ ची, दोन लिटर डिझेल, १ लाख ४६ हजार किमी झालेली. गेल्या महिन्यात खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, तर आरपीएमचा काटा वर आणि गाडी आपली तशीच. शिवाय इंजिन बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने ‘खडाड’ असा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, "ताई, क्लच तर बदलायचाच आहे, पण फ्लायव्हील (क्लच ज्यावर टेकतो ती इंजिनमागची जड चकती) ड्युअल मास, म्हणजे दोन चकत्यांचं आहे, तेही नवं टाकून घ्या." नुसता क्लच सेट १४ हजार, फ्लायव्हीलसकट ५८ हजार. आणि गाडीला आज कोणी दीड लाखाच्या वर द्यायला तयार नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: काय टाकलं आणि पुढे किती किमी चाललं? ‘ओरिजिनलच घ्या’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

कोल्हापूर
मी शहाणपणा करून फक्त क्लच टाकला होता. पहिले दोन महिने लोण्यासारखा चालला. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडताना थरथर सुरू झाली, पुढे गगनबावड्याला जाताना तर सीटसुद्धा हलायला लागली. अकराव्या महिन्यात गिअरबॉक्स परत खाली. मजुरी दोनदा गेली आणि नवी क्लच प्लेटही फुकट गेली, कारण जुन्या फ्लायव्हीलवर ती एकसारखी टेकतच नव्हती. बायको अजून हा विषय काढते.

चिपळूण
आधी हे पाहा की तुमच्या गाडीत ड्युअल मास आहे का. माझ्या हॅचबॅकसाठीही एका ठिकाणी तेच सांगून घाबरवलं होतं. खोलल्यावर साधं, एकसंध फ्लायव्हील निघालं. लेथवर हलकं फेसिंग मारलं, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट केला, क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पाय दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग नवं, सगळं मिळून साडेनऊ हजारात काम झालं. त्यावर ६० हजार किमी झालेत, त्यात कुंभार्ली घाट किती वेळा ते मोजलेलं नाही. ताईंच्या गाडीत ड्युअल मास निघालंच, तर त्याला फेसिंग मारून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

नाशिक, गॅरेजवाला
धंद्याचं बोलतोय असं वाटेल, तरी लिहितो. फोनवर निर्णय घेऊ नका. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय फ्लायव्हीलचं खरं काय ते कळतच नाही.

ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये कमानीसारख्या वाकलेल्या स्प्रिंगा. डिझेल इंजिन कमी आरपीएमला झटके देतं, ते गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून ही सोय. बाहेर काढल्यावर वरची चकती हाताने फिरवून बघायची. स्प्रिंगचा विरोध हाताला जाणवला पाहिजे. मोकळी फिरून ‘टक’ करून थांबली तर खेळ खलास. चकती किती ढिली चालते याचं माप प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, म्हणून अंदाजाने ‘चालेल’ म्हणणाऱ्याला माप दाखवायला सांगा. पृष्ठभागावर निळे डाग दिसले तर ते तापल्याची खूण. कडेने ग्रीस भिरकावलेलं दिसलं तर विषयच संपला.

आणि गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील बघून घ्या. ते पाझरत असेल तर नवी प्लेट तेलात भिजेल. रिलीज बेअरिंग आणि त्याला ढकलणारा तेलाच्या दाबाचा स्लेव्ह सिलिंडर एकत्र असलेला प्रकार असेल तर तोही नवाच टाका. फ्लायव्हीलचे ताणून बसणारे बोल्ट परत वापरू देऊ नका. हे सगळं वाचवून दोन-तीन हजार वाचतात, आणि तेवढ्यासाठी पुन्हा पूर्ण मजुरी जाते.

आवाजाचंही सांगतो. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर आधी रिलीज बेअरिंगवर संशय घ्यायचा. न्यूट्रलमध्ये येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा फ्लायव्हील. माझ्याकडे बेअरिंगच्या आवाजावर फ्लायव्हील बदलून आलेली गाडी आहे. आवाज तसाच!

सोलापूर
मी ड्युअल मास काढून साधं फ्लायव्हील बसवलं. त्याबरोबर आलेल्या क्लच प्लेटमध्येच जास्त दबणाऱ्या स्प्रिंगा होत्या. खर्च निम्म्यावर आला. ४० हजार किमी झाले, क्लच कधी घसरला नाही. पण सिग्नलला न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, आणि हजार-बाराशे आरपीएमला डॅशबोर्ड गुणगुणतो. मुलगी म्हणते, बाबांचा ट्रॅक्टर आला. गिअरबॉक्सवर पुढे काय परिणाम होईल ते कळेलच, मी गाडी अजून दोनच वर्षं ठेवणार आहे.

लंडन
इथलं गणित वेगळं. २०२३ च्या ऑगस्टपासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रभागांमध्ये) युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क, लागू आहे. युरो ६ या धुराच्या मानकाला न पोचणारी डिझेल गाडी त्या हद्दीत चालवली की दिवसाला साडेबारा पौंड. मला क्लच आणि फ्लायव्हीलचे हजार पौंड सांगितले होते, म्हणजे ऐंशी दिवसांचा युलेझ. गाडी विकली, वाईट वाटलं. ताई, तुमच्याकडे पंधरा वर्षांनंतरचं फिटनेस आणि हरित कर धरूनच हिशेब करा.

मडगाव
भंगारातलं ‘कमी चाललेलं’ फ्लायव्हील घेतलं. चार महिने. बाकी काय लिहू!

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. शनिवारी गिअरबॉक्स उतरवताना मी तिथेच उभी होते. चकती फिरवली, नाशिकच्या दादांनी लिहिलेला ‘टक’ हुबेहूब आला. निळे डाग तर होतेच, सीलही ओलं होतं. क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही नवं टाकलं, सील आणि बोल्टांसकट ६१ हजार. गाडी अजून चार वर्षं ठेवायची असं घरात ठरल्यावरच पैसे दिले. क्लच इतका हलका झालाय की पहिल्या दिवशी दोनदा गाडी बंद पडली, पाऊल जुन्याच सवयीने दाबत होतं.

जुनं फ्लायव्हील मागून घेतलं आणि घरी आणलं. आईने ते तुळशीच्या कुंडीखाली ठेवलंय, अगदी मापाचं बसलं. ग्रीसचा डाग मात्र अंगणातल्या फरशीवर पडलाय, तो निघत नाहीये.