एमबीएच्या पोरांना खरे प्रोजेक्ट द्या, केस स्टडी बास झाल्या

चाकणकर_स्टोअरवाला: आमच्याकडे यंदा समर इंटर्नशिपला पुण्यातल्या एका कॉलेजची मुलगी होती. काम काय दिलं, तर गाड्या गेटवर चार-चार तास का खोळंबतात ते बघ. आठ दिवस वॉचमनचं रजिस्टर घेऊन गेटवरच बसली आणि शोधून काढलं की माल तपासणारा इन्स्पेक्टर एकच, तो बारानंतर लाईनवर जातो आणि गाड्या नेमक्या त्याच वेळी येतात. हे कुठल्या पीपीटीत शिकवणार? माझं म्हणणं, एक वर्ष वर्गात, दुसरं पूर्ण बाहेर.

खवचट_परीक्षक: एका मुलीवरून सगळ्यांचं ठरवू नका साहेब. व्हायवाला, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला, बसतो मी. 'एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन'चे ढीगभर रिपोर्ट, सँपल साइज १००, आणि ते १०० म्हणजे होस्टेलचा ग्रुप. एकात तर आतल्या पानावर जुन्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं. हार्वर्डला दोन वर्षांत पाचशेच्या आसपास केसा, म्हणजे कंपन्यांच्या खऱ्या प्रसंगांवर लिहिलेले धडे, होतात, म्हणजे तितक्या वेळा कुणाच्या तरी खुर्चीत बसून निर्णय घ्यायचा. तुमच्या मुलीने एकच गेट पाहिलं.

चाकणकर_स्टोअरवाला: पण केसमध्ये आकडे आयते ताटात वाढलेले असतात हो! रजिस्टरमधली वेळ वॉचमनने अंदाजे टाकलीय हे केसमध्ये कळत नाही. डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० मध्ये केस लिहिली, ती एसीत बसून वाचायची की सकाळी अंधेरी स्टेशनवर उभं राहून डब्यावरच्या खुणा वाचायला शिकायचं?

नोकरीतून_शिकलेला: मी एक्झिक्युटिव्ह एमबीए केलं, प्रोजेक्ट स्वतःच्याच कंपनीत. चूक निघाली आमच्याच साहेबांच्या खरेदीत, मग काय, रिपोर्ट इतका गुळमुळीत केला की मलाच लाज वाटली. १९४० च्या दशकात इंग्लंडात रेग रेव्हन्स या मॅनेजमेंटच्या अभ्यासकाने कोळसा खाणींच्या मॅनेजरांना छोट्या गटात बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावले. जो तो आपापल्या खाणीचा, त्यामुळे समोर आपला बॉस नाही. खरा प्रोजेक्ट हवा तर असा, साहेबाच्या मांडीवर बसून नको.

फी_भरलेला_पोरगा: आणि फुकटच्या मजुरीचं कोणी बोलेना! दोन महिने एक्सेल भरलं, स्टायपेंड शून्य, वर सर्टिफिकेटसाठी एचआरच्या मागे हेलपाटे. अमेरिकेत मिशिगनच्या रॉस बिझनेस स्कूलमध्ये १९९२ पासून खऱ्या कंपन्यांचे प्रोजेक्ट चालतात, सात आठवडे तेच काम आणि सोबत प्राध्यापक. आमचा गाईड फक्त सहीला भेटला.

खवचट_परीक्षक: तेच म्हणतोय. मास्तर नसेल तर ती नुसती हमाली, त्यापेक्षा केस बरी. चाकणकर, त्या मुलीचे गाईड आले होते का प्लांटवर?

चाकणकर_स्टोअरवाला: नाही, एकदा फोन आला होता, रिपोर्टची पानं किती हवीत ते सांगायला.

फी_भरलेला_पोरगा: 😂 आणि गेटचं काय झालं शेवटी?

चाकणकर_स्टोअरवाला: रिपोर्ट प्लांट हेडच्या टेबलावर आहे. गाड्या अजून थांबतात.