गन्स एन रोझेस सोडल्यावर डफ मॅकेगनने मधली 19 वर्षं काय केलं?

ठाणेकर_बेस

17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस हा अमेरिकन रॉक बँड ऐकला. गेलो होतो गिटारवाल्या स्लॅशसाठी, पण अर्ध्या तासानंतर नजर बेस गिटार वाजवणाऱ्या डफवरून हटेना. 61 वर्षांचा माणूस, अंगावर चरबीचा लवलेश नाही, मे महिन्याच्या मुंबईच्या घामात ताठ उभा. हाच बँड डिसेंबर 2012 मध्ये मुंबईत आला होता तेव्हा माझा मोठा भाऊ गेला होता. तेव्हा बेसवर टॉमी स्टिन्सन होता, कारण डफने 1997 मध्येच बँड सोडला होता. तो परत आला 2016 मध्ये.

मला मधल्या वर्षांबद्दल विचारायचंय. गायक सोलो अल्बम काढतो, गिटारवाल्याला कुणीही बोलावतं. बेसवाल्याचं काय होतं? विचारतोय कारण सहा वर्षांनंतर मीही आमच्या बँडमधून बाहेर पडायचा विचार करतोय.

चार_तारा

मी सीए आहे, पुण्यात प्रॅक्टिस आहे, आणि कॉलेजपासून बेस वाजवतो. त्यामुळे डफचा मधला काळ मला त्याच्या कुठल्याही अल्बमइतकाच जवळचा आहे.

सुरुवात 1997 पासून नाही, मे 1994 पासून करा. वय 30, आणि दारूने त्याचा स्वादुपिंड फुटला. सिअ‍ॅटलच्या हॉस्पिटलात आठ भावंडांतलं हे शेंडेफळ पडलेलं, आणि आई पार्किन्सन्स झालेली, व्हीलचेअरवरून त्याला बघायला आलेली. कुणी कुणाची काळजी घ्यायची, ते सगळं उलटं झालेलं. तिथून त्याने दारू सोडली, सायकल धरली, मार्शल आर्ट्स शिकला. म्हणजे बँड सोडायच्या तीन वर्षं आधीच तो त्या जगण्यातून बाहेर पडला होता. ऑगस्ट 1997 मध्ये पहिली मुलगी झाली, आणि त्याच महिन्यात बँड सुटला.

पुढचा भाग नीट वाचा. बरा झाल्यावर त्याने बँडचे जुने आर्थिक कागद उघडले, आणि त्याला त्यातलं काही कळेना. जगभर कोट्यवधी प्रती विकलेल्या अल्बमचा बेसवाला, आणि आपले पैसे कुठून आले, कुठे गेले हे वाचता येत नाही! माझ्याकडे येणारे कलाकार थोड्याफार फरकाने असेच असतात. रेकॉर्ड कंपनीचा ॲडव्हान्स त्यांना बक्षीस वाटतो. तो असतो ऊसतोडीला जाताना मुकादम देतो तशी उचल. पुढच्या रॉयल्टीतून ती फिटेपर्यंत हातात काही पडत नाही. टूरच्या ढोबळ उत्पन्नाचा आकडा पेपरात येतो. मॅनेजर, वकील, ट्रक, हॉटेलं गेल्यावर काय उरलं ते कोणी छापत नाही.

बहुतेक लोक अशा वेळी दुसरा अकाउंटंट शोधतात. डफ वर्गात जाऊन बसला. आधी सँटा मोनिका कॉलेजात, मग सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलमध्ये, आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी. मला या माणसाबद्दल जो आदर आहे तो मुख्यतः इथला आहे. स्टेडियम भरवलेल्या माणसाने 'मला हे येत नाही' म्हणून वही उघडायची, याला धाडस लागतं.

संगीतात तेव्हा त्याचं फार बरं चाललं नव्हतं. सोलो अल्बम तयार होता, फेब्रुवारी 1999 मध्ये त्याच्या 35 व्या वाढदिवसाला यायचा होता. तेवढ्यात रेकॉर्ड कंपन्यांचं विलीनीकरण झालं आणि तो फडताळात गेला. मग लोडेड नावाचा स्वतःचा बँड, त्यात तो गातो आणि गिटार वाजवतो. 2002 मध्ये स्लॅश आणि गन्सचाच जुना ड्रमर मॅट सोरम यांच्यासोबत वेल्व्हेट रिव्हॉल्व्हर हा बँड उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम 2004 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पुढे ग्रॅमीही मिळालं. 2008 मध्ये गायक बँड सोडून गेला आणि तेही थांबलं. त्याच वर्षी डफ सिअ‍ॅटल वीकलीत स्तंभ लिहायला लागला, 2011 मध्ये आत्मचरित्र आलं आणि संगीतकारांचे पैसे सांभाळणारी मेरिडियन रॉक नावाची संस्था त्याने भागीदारीत काढली. कागद न कळण्यापासून तिथपर्यंत!

ठाणेकर, तुमच्यासाठी एक मुद्दा. गन्सच्या 1987 च्या पहिल्या अल्बमची गाणी सगळ्या बँडच्या नावावर आहेत. बेसवाल्याचं नाव गीतकार-संगीतकारांत असल्यामुळे बँड सुटला तरी गाण्यांचे पैसे येत राहतात. ते नसते तर तिशीत शांतपणे कॉलेजात बसणं सोपं नव्हतं. तुमच्या गाण्यांवर तुमचं नाव आहे का?

रेडमंडकर

नोकरीमुळे बारा वर्षं इकडे सिअ‍ॅटलजवळ आहे. सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटी डाउनटाउनला लागून, चढावर आहे. जेझुइट या ख्रिस्ती संघाचं छोटं, हिरवं, शांत आवार. रस्त्यावरून जाताना लक्षातही येणार नाही. एवढा सहा फुटांहून उंच माणूस तिथे बॅग अडकवून चालतोय हे चित्र मला फार आवडतं. इथल्या लोकांना तो एलएचा वाटतच नाही. गन्सच्या आधी तो इथल्याच पंक बँडमध्ये ड्रम्सही वाजवायचा आणि गिटारही.

नाशिक_थ्रॅश

चार_तारा, सुरेख लिहिलंत. पण डफला परतीचा दरवाजा उघडा मिळाला. तो परतल्यावर गन्सने 2016 ते 2019 मध्ये केलेल्या टूरची कमाई 58 कोटी डॉलरच्या वर गेली. असं किती जणांचं होतं?

मला जेसन न्यूस्टेड आठवतो. 1986 मध्ये मेटॅलिका या मेटल बँडचा बेसवाला क्लिफ बर्टन बस अपघातात गेल्यावर तो त्याच्या जागी आला. 1988 च्या अल्बममध्ये त्याचा बेस ऐकूच येत नाही, आणि मी तो अल्बम आजही त्या दुःखासह ऐकतो. 14 वर्षांनी त्याला एकोब्रेन हा वेगळा बँड करायचा होता, मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्डला ते मान्य नव्हतं. वर्षानुवर्षं मान झटकून शरीरही दुखावलं होतं. जानेवारी 2001 मध्ये तो बाहेर पडला. नंतर वोइव्होड हा बँड, काही काळ गायक ऑझी ऑस्बोर्नबरोबर, आणि मग चित्रकला. मोठमोठे, रंगांनी भरलेले कॅनव्हास. 2009 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सन्मान सोहळ्यात तो मेटॅलिकाबरोबर वाजवायला उभा राहिला, पण बँडमध्ये परतला नाही. मला त्याचंही आयुष्य भरलेलं वाटतं.

चार_तारा

नाशिक, पटलं. डफचं मोजमाप मीही 2016 वरून करत नाही. तो परत गेलाच नसता तरी वर लिहिलंय तेच लिहिलं असतं.

ठाणेकर_बेस

सगळ्यांचे आभार. चार_तारा, तुमचा प्रश्न वाचून लॅपटॉप उघडला. आमची सात गाणी ऑनलाइन आहेत. तीन गाण्यांची सुरुवातच माझ्या बेसलाइनवरून झालीय, आणि सातही गाण्यांवर फक्त गायक आणि गिटारवाल्याचं नाव आहे. सहा वर्षांत मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं. रविवारी सरावाआधी तासभर बसून बोलू, असं आत्ताच ग्रुपवर टाकलंय. बाहेर पडायचं की नाही ते त्यानंतर.