हायकू टाकलं, लॅपटॉप काळा पडला: फॉरमॅट मारायचं की शोधायचं?

लातूरचा_बापू
घरातल्या जुन्या लॅपटॉपवर हायकू टाकलं. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: नव्वदच्या दशकातली बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम बंद पडली, तिच्या चाहत्यांनी २००१ पासून ती नव्याने लिहायला घेतली, तीच ही. लिनक्स नव्हे. पेनड्राइव्हवरून झकास चाललं. मग अख्खी डिस्क पुसून इन्स्टॉल केलं, पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट केलं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ: नो बूटेबल डिव्हाइस. म्हणजे बूट व्हायला, सुरू व्हायला काही सापडतच नाही.

दुकानात नेला. पोरगं म्हणालं, "हार्डडिस्क गेली, नवी टाका." अरे लेका, तासाभरापूर्वी तिच्यावरच फायली उतरत होत्या की!

डिस्क ठणठणीत होती. यूईएफआय मशीन, म्हणजे बायोसनंतरच्या नव्या पद्धतीने सुरू होणारी, चालू झाली की डिस्कच्या ईएफआय पार्टिशन नावाच्या छोट्या भागात लोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारी फाइल, शोधते. मी ते पार्टिशन केलं होतं, पण रिकामं. हायकूचा इन्स्टॉलर तिथं लोडर आपणहून ठेवत नाही, पेनड्राइव्हमध्ये मात्र तो आधीच असतो. म्हणून तिकडून चालायचं, इकडून नाही. परत पेनड्राइव्हवरून चढलो, पार्टिशन माउंट केलं म्हणजे उघडलं, ईएफआय फोल्डरात बूट फोल्डर केलं आणि त्यात हायकूचा लोडर 'बूटएक्स६४.ईएफआय' या नावाने टाकला. सुरू!

आपल्याकडं बूट अडकलं की पहिला उपाय फॉरमॅट. मला हे पटत नाही. मशीन कुठवर येऊन थांबली ते तरी बघा आधी.

नांदेडची_ताई
बापू, तुम्हाला रविवार मोकळा असतो. माझ्या केंद्रावर पीकविम्याच्या दिवसांत सकाळी सातपासून माणसं उभी असतात. तेव्हा मशीन कुठवर आली ते मी बघत बसू? माझा डेटा डी ड्राइव्हवर असतो, सी फॉरमॅट मारते, दुपारपर्यंत काम चालू. आणि अंगठा घ्यायचं यंत्र तुमच्या हायकूवर चालणार आहे का? माझ्याकडच्या यंत्राचा ड्रायव्हर विंडोजचाच आहे.

लातूरचा_बापू
ताई, केंद्राच्या मशीनवर टाका असं मी कुठं म्हणालो? पण पुढच्या आठवड्यात तेच मशीन परत अडकलं तर परत फॉरमॅटच ना?

नांदेडची_ताई
हो, परत फॉरमॅट. रांगेतला माणूस कारण विचारत नाही, पावती मागतो.

परभणीकर_रातपाळी
ताईंच्या बाजूने. बापूंचं नशीब, एका फाइलीवर सुटले. माझ्याकडं पेनड्राइव्हवरून लोडर यायचा आणि गाडी पुढं अडायची. हायकू सुरू होताना सात चिन्हं एकेक करून उजळतात, शेवटचं रॉकेट. माझी चौथ्यापाशी थांबायची, म्हणजे बूटची डिस्कच सापडत नव्हती. तीन रात्री घातल्या. त्यात दोनदा लाइट गेली, बॅटरी मेलेली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पेनड्राइव्ह दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावला आणि रॉकेटपर्यंत गेलं. ह्याला काय शिक्षण म्हणायचं? नुसता पोर्ट बदलला मी.

लातूरचा_बापू
रातपाळी, चौथं चिन्ह बघूनच तुम्ही पोर्ट बदललात ना? नुसता काळा पडदा असता तर रॅम काढून खोडरबराने घासत बसला असता.

परभणीकर_रातपाळी
रॅम पहिल्याच रात्री घासली होती 😅

हिंगोलीचा_मास्तर
बूट झालं. पुढं काय? मी फायलीला 'प्रगतीपत्रक' नाव दिलं तर जोडाक्षरं फुटून प वेगळा, र वेगळा, मधी पाय मोडलेला. पोरांना दाखवायला नेलं होतं. एक पोरगी म्हणाली, "सर, ह्याला मराठी येत नाही." लोडर कुठं ठेवायचा ते कळून मी काय करू?

लातूरचा_बापू
मास्तर, हे खरंय. मीही फायलींची नावं इंग्रजीतच ठेवतो. रोजच्या कामाला विंडोज लागतंच, ते दुसऱ्या मशीनवर आहे. फॉरमॅटबद्दल मात्र मत तेच.

बीडचा_नवखा
भांडण चालू द्या, माझं ऐका. माझी सातही चिन्हं उजळतात आणि मग पडदा काळा.

लातूरचा_बापू
ग्राफिक्सचा घोळ दिसतोय. कंपनीचं चिन्ह गेलं की स्पेस दाबत राहा, मेन्यू येईल. त्यात सेफ मोडच्या पर्यायांत फेल-सेफ ग्राफिक्स ड्रायव्हरवर खूण करा आणि पुढं जा.

बीडचा_नवखा
मी शिफ्ट दाबत होतो.

लातूरचा_बापू
शिफ्ट जुन्या बायोसवाल्या मशीनला. यूईएफआयला स्पेस.

नांदेडची_ताई
बीडच्या भाऊ, नाहीच झालं तर इकडं या, विंडोजची पेनड्राइव्ह तयारच असते माझ्याकडं.