प्रोलॉगमध्ये + ला * च्या आधी बसवणं
तुम्ही विचारलंय, प्रोलॉग या प्रोग्रामिंग भाषेत बेरीज गुणाकाराच्या आधी करून घेता येईल का. येईल, एका ओळीत. 'ऑप' (op) या चिन्हांचा क्रम ठरवणाऱ्या तयार आज्ञेला आकडा, प्रकार आणि चिन्ह द्यायचं. आकडा जितका लहान, तितकी चिन्हाची पकड घट्ट. मुळात * ४०० वर, + ५०० वर. + ला ३०० दिलंत की २+३*४ चं उत्तर १४ ऐवजी २० येतं.

पण कळकळीने सांगते, मूळ + ला हात लावू नका. आधी वाचलेला कोड तसाच राहतो, त्यापुढचा बदलतो, आणि चूक शोधण्यात रात्र जाते. <+> सारखं स्वतःचं चिन्ह घ्या, प्रकार वायएफएक्स (yfx) ठेवा, म्हणजे जुळणी डावीकडून होईल. मात्र 'ऑप' फक्त कंस कुठे पडतात तेवढंच ठरवतं. <+> म्हणजे काय, तो नियम तुम्हालाच लिहावा लागेल.