२५-३० डॉलरची राय व्हिस्की: पैसे वसूल की नुसता घसा जाळायचा?

जर्सीचा_जावई:
मंडळी, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, आत्तापर्यंत स्कॉचच प्यायलोय, तीही कुणी ड्युटी फ्रीमधून आणली तर भारीतली नाहीतर आपली रोजची ब्लेंड. परवा सहज म्हणून रिटनहाउस राय (राय या धान्याची अमेरिकन व्हिस्की) आणली, १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के अल्कोहोल, २८ डॉलर. नीट (पाणी, बर्फ काही न घालता) घेतली तर पहिला घोट चांगलाच तिखट लागला, मिरी लवंग असं काहीतरी आणि मग मागून व्हॅनिला कॅरॅमल वगैरे. आवडली की नाही हेच ठरत नाहीये. वाईट नक्कीच नाही पण चांगली म्हणायची ती कशाच्या जोरावर? बाटलीवर १२ वर्षं १५ वर्षं असला काही आकडा नाही. नेटवर एक जण म्हणतो या किमतीत हिला तोड नाही, दुसरा म्हणतो फक्त कॉकटेलमध्ये ओतायला ठीक. शेजारी ओल्ड ओव्हरहोल्ट होती २० ला, वाइल्ड टर्की १०१ राय साधारण रिटनहाउसच्याच भावात आणि बुलेट राय ३० ला. दिवाळीत पुण्याहून मेव्हणा येतोय, तो पक्का सिंगल माल्टवाला, त्याच्यापुढे काय ठेवायचं आणि स्वस्त राय जोखायची कशी एवढं सांगा.

केंटकीकर:
आधी लेबल वाचायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. इकडे अमेरिकेत राय म्हणायला धान्यात किमान ५१ टक्के राय लागते आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर किमान २ वर्षं मुरलेली, आणि वरून रंग नाही फ्लेवर नाही. (स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे हे मेव्हण्याला हळूच सांगा, चेहरा बघण्यासारखा होतो.) तुमच्या रिटनहाउसवर 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलंय बघा, तो १८९७ चा कायदा आहे. एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षं, आणि बाटलीत बरोब्बर ५० टक्के अल्कोहोल. त्या काळी लोक व्हिस्कीत तंबाखूचं पाणी आणि काय काय मिसळून विकायचे म्हणून हा कायदा आला. म्हणजे वयाचा आकडा नसला तरी ४ वर्षांची हमी आहेच.

आणि ४ वर्षं म्हणजे कोवळी असं समजू नका. स्कॉच बहुतेक वेळा आधी वापरलेल्या पिंपात आणि थंड हवेत मुरते, इथे पिंप कोरं करकरीत आणि केंटकीतला उन्हाळा असा की लाकडाची चव भराभर उतरते. वयाचे आकडे समोरासमोर ठेवून उपयोग नाही.

आता पैशाचं. प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, १०० प्रूफ म्हणजे ५०. ७५० मिलीच्या बाटलीत ५० टक्केवालीत ३७५ मिली शुद्ध अल्कोहोल, ४० वालीत ३००. म्हणजे तुमच्या बाटलीत तुम्ही स्वतः पाणी घालून ती ४० वर आणली तर साधारण ९३७ मिली होते, पाव बाटली फुकट समजा. हाच हिशोब चौघींना लावला तर १०० मिली अल्कोहोलला ओव्हरहोल्ट (४३ टक्के) ६.२० डॉलर पडते, टर्की आणि रिटनहाउस साडेसातच्या आसपास, बुलेट (४५ टक्के) ८.९० च्या जवळ. निव्वळ हिशोबात ओव्हरहोल्ट जिंकते, पण हिशोबात चव येत नाही. माझं मत विचाराल तर राय कॉकटेलमध्ये जाणार असेल तर ५० टक्क्यांच्या खाली घेऊ नका, व्हर्मूथ (कॉकटेलमध्ये मिसळतात ते सुगंधी पेय) आणि बर्फ तिला गिळून टाकतात.

मिरपूड_शिकागो:
केंटकीकरांचं सगळं बरोबर आहे पण अहो चव घ्यायची कशी ते कोण सांगणार. एकतर चिवडा नाहीतर शेव तोंडात असताना राय चाखू नका, मिरचीमुळे अल्कोहोलची आग अजून वाढते, दोन्हीची आग जिभेला सारखीच जाणवते. चकणा नंतर. ३० मिली ओता, दहा मिनिटं तशीच ठेवा, नाक एकदम ग्लासात घालू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहिला घोट मोजायचाच नाही, तो जिभेला सवय व्हायला असतो. तुम्ही पहिल्या घोटावरच निकाल द्यायला बसलाय.

मग पाणी. ३० मिलीत एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घातलं की ५० ची जवळपास ४३ होते. हे मुद्दाम सांगतेय कारण तुमची ओव्हरहोल्ट ४३ चीच आहे, म्हणजे आता दोघी एका पातळीवर आल्या. नाहीतर काय होतं, लोक ५० ची आणि ४३ ची शेजारी ठेवतात आणि जी कमी झोंबते तिला स्मूद म्हणून मोकळे होतात. स्मूद ही काय चव आहे का! आणि ग्लासाखाली चिठ्ठ्या लावून दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा, किंमत माहीत असली की जीभ खोटं बोलते.

बुलेटबद्दल एक सांगते, तिच्यात ९५ टक्के राय आहे, इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या डिस्टिलरीत बनते, एमजीपी म्हणतात ती. डिकेल राय पण तिथलीच आणि अजून बरेच छोटे ब्रँड तिथला माल घेऊन आपलं लेबल लावतात. या ९५ टक्केवाल्यांत पुदिना आणि शेपूचा वास येतो. हो, शेपू, आपला भाजीतला. मला आवडतो पण आमच्या घरात शेपूवरून दोन पक्ष आहेत तसेच या व्हिस्कीवरून पण आहेत, त्यामुळे मेव्हण्याचं शेपूबद्दल मत आधी विचारून घ्या. रिटनहाउस, टर्की या केंटकीच्या, ५१ च्या जेमतेम वर, बाकी बराचसा मका, म्हणून त्या गोडसर, कॅरॅमल, दालचिनीकडे जातात.

सोडा_मारके:
एवढं शास्त्र कशाला राव. बोर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) घ्या, त्याच पैशात जास्त चांगली मिळते. राय म्हणजे बारटेंडर लोकांनी चढवून ठेवलेला प्रकार आहे, वीस वर्षांपूर्वी दुकानात कोण विचारत नव्हतं तिला.

केंटकीकर:
@सोडा_मारके विचारत नव्हतं हे खरं, पण त्याआधीचा इतिहास उलटा आहे. पेन्सिल्वेनिया मेरिलँडकडे रायच चालायची, जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्वतःच्या डिस्टिलरीत १७९९ मध्ये ११,००० गॅलनच्या आसपास व्हिस्की निघाली होती आणि ती मुख्यतः राय. १९२० ते १९३३ दारूबंदी झाली, त्यानंतर तिकडचा धंदा काही पूर्वीसारखा उभा राहिला नाही आणि नावं तेवढी केंटकीत आली. ओव्हरहोल्ट मूळ पेन्सिल्वेनियाची, रिटनहाउसचं नाव फिलाडेल्फियाच्या चौकावरून, पाइक्सव्हिल राय मेरिलँडची, आज तिघी केंटकीत बनतात. तेव्हा लेबलवरच्या जुन्या सनावळ्यांना पैसे देऊ नका, तो माल आणि हा माल वेगळा. दुसरं, डिस्टिलरी एका राज्यात आणि बाटली भरली दुसऱ्या राज्यात असेल तर मागे बारीक अक्षरात 'डिस्टिल्ड इन इंडियाना' असं काहीतरी असतं, ते शोधा. पुढे डोंगर, घोडे, आजोबांचा फोटो आणि मागे इंडियाना असेल तर माल वाईट असतो असं नाही पण ६० डॉलर कशाचे हे विचारावं.

बोर्बन स्वस्त का पडते तेही ऐका. मका स्वस्त, भरपूर अल्कोहोल देतो आणि टाकीत मुकाट्याने आंबतो. राय महाग, एका पोत्याला अल्कोहोल कमी, आणि शिजवली की चिकट लगदा, आंबताना फेस इतका की टाकीबाहेर येतो. त्यामुळे ३० च्या आत ५० टक्क्यांची राय मिळणं हेच मला अजून नवल वाटतं. टर्की आणि रिटनहाउस दोन्ही त्यात बसतात, टर्की जरा जास्त कोरडी आणि मिरीकडे, रिटनहाउसमध्ये कोकोची झाक.

कॅलगरीचा_काका:
कॅनडाबद्दल कुणी बोलणार का? आमच्याकडे लेबलवर राय लिहायला राय किती असावी याचा नियमच नाही, कॅनेडियन व्हिस्की आणि राय व्हिस्की कायद्याने एकच. त्यामुळे इकडून कुणी 'राय' आणली तर आत बहुतेक मकाच असेल. अपवाद म्हणजे अल्बर्टा प्रीमियम, १०० टक्के राय आणि इकडे रोजच्या दारूच्या भावात. फक्त ती ४० ची आहे, अमेरिकन रायसारखा दणका तिच्यात नाही.

कोथरूडकर_परत:
वाचून फक्त तोंडाला पाणी सुटतंय. इथे पुण्यात राय शोधायची म्हणजे मोठ्या दुकानात एखादी धूळ खात पडलेली, आणि किंमत बघून हात मागे. २०२५ मध्ये बोर्बनवरची ड्युटी १५० वरून १०० टक्के केली पण ती बोर्बनपुरती, रायला तेव्हा काही सूट मिळाली नाही. तेव्हा इथे "स्वस्त राय" हा विषयच नाही. जावईबापू, मेव्हणा परत येताना २ लिटर ड्युटी न भरता आणू शकतो, त्याच्या बॅगेत ७५० च्या दोन आरामात बसतात. सगळी तिकडेच पाजून संपवू नका.

जर्सीचा_जावई:
सगळ्यांचे आभार, शनिवारी ओव्हरहोल्ट पण आणली आणि मिरपूडताईंनी सांगितलं तसं बायकोला ओतायला लावलं, चिठ्ठ्या वगैरे सगळं. चमचाभर पाणी घातल्यावर रिटनहाउसची आग गेली आणि दालचिनी संत्र्याची साल असं पुढे आलं, मला तीच आवडली. बायकोने मात्र न बघता ओव्हरहोल्ट निवडली, म्हणे ही हलकी आहे, गप्पा मारत घ्यायला बरी, ती दुसरी लक्ष द्यायला लावते. आठ डॉलरचा फरक आहे हे कळल्यावर तर तिचा मुद्दा अजूनच पक्का झाला. आणि पाणी न घालता मी दोन्ही घेतल्या तर रिटनहाउस अजूनही मला झोंबतेच, ते काही बदललं नाही.

मेव्हण्याला नीट देणार नाही, तो लगेच त्याच्या माल्टशी तुलना सुरू करेल. मॅनहॅटन कॉकटेल करायचा विचार आहे. प्रमाण काय? आणि इथे विचारून घेतो, पाइक्सव्हिल ५० ला दिसली, घेऊ का?

मिरपूड_शिकागो:
६० मिली राय, ३० मिली गोड व्हर्मूथ (लाल, स्वीट), अँगोस्टुरा बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्क) दोन झटके. बर्फावर ढवळायचं, शेकरमध्ये हलवायचं नाही, आणि गाळून गार ग्लासात. चेरी चांगली मिळाली तर टाका, ती लालभडक केकवाली नको. रिटनहाउसच वापरा इथे, ओव्हरहोल्टची चव हरवून जाते त्यात. तुमच्या मिसेसना ओव्हरहोल्ट, जिंजर एल आणि लिंबू करून द्या.

केंटकीकर:
पाइक्सव्हिल आणि रिटनहाउस एकाच डिस्टिलरीच्या, धान्याचं प्रमाण पण तेच, पाइक्सव्हिल ६ वर्षांची आणि ५५ टक्के. मगाचाच हिशोब लावा, १०० मिली अल्कोहोलला १२ डॉलरच्या वर जाते. चव जास्त गडद आहे, लाकूड छान लागतं, नीट पिणाऱ्याला मी देईन. पण मॅनहॅटनमध्ये ओतायची असेल तर वरचे २२ डॉलर व्हर्मूथवर खर्च करा, लोक राय चांगली आणतात आणि व्हर्मूथ कपाटात वर्षभर उघडं पडलेलं वापरतात.

जर्सीचा_जावई:
व्हर्मूथ खराब होतं??

केंटकीकर:
वाइनच आहे ते. छोटी बाटली घ्या, उघडली की फ्रिजमध्ये, आणि महिना दीड महिन्यात संपवा.