अनुभव धागा : १९६१ पूर्वीच्या गोव्यातला जन्म आणि आपले नागरिकत्व

पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना भारत सरकारच्या २८ मार्च १९६२ च्या आदेशाने २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानले. ज्यांना ते नको होते, त्यांना तसे लेखी कळवण्यास एक महिना मिळाला. पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी या लोकांना व त्यांच्या मुलांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची वाट मोकळी ठेवली. आपल्या घरात या दुहेरी वारशाचे काय झाले, ते लिहावे. (एजंटांचे दर कृपया नकोत.)

पेडणे : वडिलांचा जन्म १९३८ चा. जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले आणि बाकी सर्वत्र इंग्रजी वळणाने, त्यामुळे दोन्ही नावांचा माणूस एकच आहे, हे सिद्ध करण्यात आठ महिने गेले. माझी नोंद होण्याआधी लिस्बनला वडिलांचा जन्म आणि आईवडिलांचा विवाहही नोंदवावा लागणार होता. तिथवर येऊन मी थांबलो. धाकट्या भावाचा कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) वाटा मला विकत घ्यायचा आहे. पोर्तुगीज झालो, तर भारतीय नागरिकत्व जाऊन हाती फार तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) राहील, आणि ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन वारशाने मिळते, विकत घेता येत नाही.

स्विंडन, इंग्लंड : मी २०१४ मध्ये पोर्तुगीज पासपोर्टावर येथे आले. तेव्हा व्हिसा लागत नव्हता. ब्रेक्झिटनंतर जून २०२१ च्या आत कायम वास्तव्यासाठी अर्ज केला. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, हे ठाऊक होते. तरीही जुना पासपोर्ट खिडकीत सरकवताना हात अडखळला. पोर्तुगाल मी अजून पाहिलेला नाही.

मडगाव, निवृत्त वकील : आमच्या पिढीला फादर मोंतेरो यांचा खटला आठवतो. त्यांनी १९६२ मध्ये पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखल्याचे लिहून दिले, १९६४ मध्ये वास्तव्याचा परवाना संपल्यावर मुदतवाढ मागितली नाही, आणि स्वतःच्याच गोव्यात परकीय म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. व्याप्त प्रदेशातील नागरिकांना जिनिव्हा कराराचे संरक्षण असते, हा त्यांचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला. पासपोर्टासाठी विचारायला येणाऱ्या तरुणांना मी हा निकाल आधी वाचायला देतो. बहुतेक जण पुन्हा येतात, ते फॉर्म घेऊनच.

सावंतवाडी : आजी डिचोलीची. तिच्या जन्माची नोंदच सापडली नाही, म्हणून आमच्याकडे प्रश्नच उद्भवला नाही.